यंत्रातला ढोल खोटा का वाटतो?

लग्नसराईत जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयासमोर संध्याकाळी थोडा वेळ उभे राहा. आत हळदीची गडबड असते, बाहेर टेम्पोवर स्पीकर चढत असतात. वाजवणाऱ्यांपैकी एका पोराच्या पुढ्यात स्टँडवर सपाट पेटी असते आणि तिच्यावर आठ रबरी चौकोन. हा ऑक्टोपॅड. एका चौकोनावर काडी मारली की ढोलक, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर इंग्रजी ड्रमचा ठोका. एक बटण दाबले की सगळी वाद्ये बदलतात. पोरे नाचायला लागतात. बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले एखादे आजोबा मात्र तोंड वाकडे करतात : ‘‘हाऊ ढोल नई, डबा शे!’’

आजोबा जुन्या वळणाचे आहेत म्हणून असे बोलतात, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण त्यांच्या कानाने जे पकडले आहे ते खरे आहे आणि ते मोजताही येते. आज खानदेशी गाणी जळगाव-धुळ्यातल्या छोट्या छोट्या खोल्यांत, एक संगणक आणि एक कीबोर्ड यांच्या बळावर तयार होतात. ही गाणी करणाऱ्या पोरांचीही तक्रार तीच असते : ‘सूर जमतो, गळा जमतो, ढोल मात्र खरा वाटत नाही. खरा आवाज कुठे मिळेल?’ त्याचे उत्तर शोधायचे तर आधी कातड्यावर काठी पडते तेव्हा नेमके काय होते ते पाहावे लागते.

कातड्याचे गणित

तार छेडली की एक मूळ स्वर निघतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. सरळ पाढा असल्यामुळे कानाला एकच ठाशीव सूर ऐकू येतो. ताणलेले गोल कातडे हा पाढा पाळत नाही. मूळ कंपन १ धरले तर पुढची कंपने १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशी वेडीवाकडी येतात. म्हणून डफ किंवा साध्या ढोलाचा ‘सा’ कोणता ते सांगता येत नाही. ऐकू येतो तो सूर आणि गोंगाट यांच्या मधला काहीतरी आवाज.

आपल्याकडच्या कारागिरांनी या अडचणीवर तोड काढली ती शाईची. तबल्याच्या पुडीवर मधोमध लोहचूर्ण आणि खळ यांचा जो काळा थर चढवतात, त्या वजनामुळे कातड्याची कंपने पाढ्याच्या जवळ येतात आणि तबला सुरात बोलू लागतो. हे दाखवून दिले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये त्यांनी त्यावर टिपण लिहिले आणि पुढे नोबेल मिळाल्यानंतरही ते या विषयाकडे वळले. कातड्यावर बारीक वाळू भुरभुरून, ती कुठे साचते यावरून कंपनांच्या आकृत्या त्यांनी टिपल्या. नोबेल मिळालेला माणूस मृदंगावर वाळू टाकून बसला आहे, हे चित्र मला फार आवडते.

आता यंत्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. कोणत्याही ठोक्याचे दोन भाग असतात. पहिला अगदी सुरुवातीचा, काही मिलिसेकंदांचा. काठी कातड्याला भिडते तेव्हाचा तो कोरडा ‘टक्’. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) दुसरा भाग म्हणजे नंतरची घुमणी. त्यातही सूर एका जागी उभा राहत नाही. जोरात मारले की कातडे क्षणभर जास्त ताणले जाते, सूर किंचित चढतो आणि लगेच खाली घसरतो. वाद्य कोणते हे आपण बरेचसे सुरुवातीच्या ‘टक्’वरून ओळखतो. ध्वनिमुद्रणातून हा पहिला तुकडा कापून टाकला की ओळखीची वाद्येही ओळखता येईनाशी होतात, हे प्रयोगांतून दिसलेले आहे. म्हणजे घुमणी कितीही सुंदर असली तरी तोंडच चुकले तर ढोलाचा डबा होतो.

स्मृतीला पैसे पडायचे तेव्हा

यंत्रातला ठोका दोन रीतींनी करता येतो. एक, विजेच्या मंडलातून आवाज बनवायचा. दोन, खऱ्या वाद्याचा आवाज मुद्रित करून साठवायचा आणि काडी पडेल तेव्हा तो वाजवायचा. गंमत अशी की दोन्ही प्रकारची गाजलेली यंत्रे एकाच वर्षी आली, १९८० मध्ये. जपानच्या रोलंड कंपनीचे टीआर-८०८ पहिल्या प्रकारचे. त्यातली झांज सहा साध्या विद्युत लहरींची भेसळ करून बनवलेली. झांज म्हणून ती कोणालाच पटली नाही आणि १९८३ मध्ये यंत्राचे उत्पादन थांबले. पुढे तोच खोटा आवाज जगभरच्या नाचगाण्यांत इतका रुळला की आज पोरे तो मुद्दाम शोधतात. खोटेपणालाही वय झाले की परंपरा म्हणतात!

दुसरे यंत्र अमेरिकेतल्या रॉजर लिन यांचे एलएम-१. खऱ्या ड्रमचे मुद्रित ठोके वाजवणारे हे पहिले यंत्र. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात. पण त्यात मोठी झांज नव्हतीच. कारण विज्ञानाचे नव्हते, खिशाचे होते. झांज कितीतरी सेकंद घुमत राहते आणि तेवढा आवाज साठवायचा तर स्मृतीच्या चकत्या परवडत नव्हत्या. एलएम-१ सेकंदाला २८ हजार नमुने घेत असे, प्रत्येक नमुना एका बाइटचा. म्हणजे एका सेकंदाला २८ हजार बाइट. आज आपण व्हॉट्सॲपवर शुभ सकाळचा जो फोटो ढकलतो, त्यात असे दोन-चार ठोके सहज मावतील. तेव्हा मात्र प्रत्येक ठोक्याचा एकच नमुना ठेवायचा, तोही तोकडा, हाच व्यवहार होता.

ऑक्टोपॅडचा वंशही इथलाच. १९८५ मध्ये रोलंडचा पहिला ऑक्टोपॅड आला, त्याला स्वतःचा आवाजच नव्हता. काडी पडली की तो शेजारच्या यंत्राला फक्त हुकूम द्यायचा. पुढच्या पिढ्यांत आवाज पोटात आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये ते ७०० च्या आसपास झाले आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी हे यंत्र उराशी धरले. पण त्यात बाहेरून नवा मुद्रित आवाज घालण्याची सोय नव्हती. जे ७०० आहेत त्यांचेच सूर वरखाली करायचे, एकावर एक चढवायचे आणि काम भागवायचे. या उलटसुलट जुळवणीला ‘पॅच’ म्हणतात. चांगला पॅच बनवणाऱ्याला भाव असतो, आणि तो असायलाच हवा. जपानी स्मृतीतून ढोलकी काढणे सोपे नाही.

तोच तो ठोका

घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. मोबाइलवर ढोलाचा एकच ठोका मुद्रित करा आणि संगणकावर तोच भरभर आठदा लावा. मूळ ठोका शंभर टक्के खरा असूनही ऐकायला ते बंदुकीच्या फैरीसारखे वाटेल. ध्वनिमुद्रणवाले त्याला ‘मशीनगन’च म्हणतात. माणूस आठ वेळा मारतो तेव्हा काठी दर वेळी केसभर वेगळ्या जागी पडते, कातडे आधीच्या ठोक्याने अजून हलत असते, मनगट थोडे कमीजास्त वळते. आठही ठोके भावंडांसारखे असतात, जुळ्यांसारखे नाहीत. दोन लहरी तंतोतंत सारख्या आल्या की कानाला ते लगेच कळते, कारण निसर्गात तसे होत नाही.

जोराचेही तसेच. यंत्राला काडीचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत कळतो. स्वस्त आवाजात जोर वाढला की फक्त आवाज मोठा होतो. खऱ्या ढोलावर जोरात मारल्यावर आवाजाचा पोतच बदलतो. वरचे उपस्वर जास्त निघतात, ‘टक्’ तीक्ष्ण होतो. हळू मारलेला ठोका मोठा करून ऐकवला तरी तो जोराचा वाटत नाही, जवळून ऐकलेला हळू ठोका वाटतो. गाण्यातला ढोल ‘मेलेला’ वाटतो तो बहुतेक वेळा याच जागी.

तिसरी गोष्ट वेळेची. संगणक प्रत्येक ठोका आखलेल्या रेषेवर नेऊन बसवतो. माणसाचा हात रेषेच्या १०-२० मिलिसेकंद पुढेमागे होतो. मग ठोके थोडे मागेपुढे विस्कटले की झाले, असे वाटेल. बऱ्याच यंत्रांत तशी ‘माणसाळवण्याची’ कळही असते. पण जर्मनीत ग्योटिंगन इथे होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी घानाच्या एका व्यावसायिक ढोलवादकाचे ठोके तपासले, तेव्हा वेगळेच दिसले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हाताच्या चुका विस्कळीत नव्हत्या. आत्ताच्या चुकीचे धागे खूप आधीच्या ठोक्यांपर्यंत पोचत होते. लय थोडी पुढे सरकली की काही वेळ पुढेच रेंगाळायची, मग सावकाश मागे यायची. संशोधकांनी एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या केल्या, एकीत कशाही विखुरलेल्या चुका आणि दुसरीत अशा एकमेकींना धरून असलेल्या. ऐकणाऱ्यांची पसंती दुसरीला मिळाली. म्हणून नुसती कळ दाबण्यापेक्षा, बरा हात असलेल्या माणसाने पॅडवर अख्खे गाणे सलग वाजवावे आणि ते रेषेवर बसवू नये, हे बरे.

संबळ कोणत्या यादीत आहे?

आता मूळ प्रश्न. खरे आवाज मिळतात कुठे? इंग्रजी ड्रमसेट हवा असेल तर अडचण नाही. एकेका ठोक्याचे जोराप्रमाणे अनेक थर आणि प्रत्येक थरात आळीपाळीने वाजणारे चार-सहा नमुने असलेले संच विकत मिळतात, काही फुकटही मिळतात. तबला, ढोलक यांचेही बरे संच आहेत. फुकटचा संच घेताना त्यासोबतचा परवाना मात्र वाचावा. ‘घरगुती वापरासाठी’ असे लिहिलेला आवाज पैसे कमावणाऱ्या गाण्यात चालत नाही.

पण खानदेशी गाण्याला नुसता ड्रमसेट घेऊन काय करायचे? श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला जो संबळ घुमतो, होळीला सातपुड्यात पावरा मंडळींचे जे पोटात धडकणारे मोठे ढोल वाजतात, ते या तयार याद्यांत सहसा सापडत नाहीत. मग काँगोवर संबळ उरकला जातो आणि ऐकणाऱ्या पोराला तोच संबळ वाटू लागतो. मला यात खरे नुकसान दिसते. वाद्य एका दिवसात मरत नाही. आधी त्याचा आवाज कानातून जातो, मग ते वाजवणाऱ्याला बोलावणे बंद होते.

तेव्हा हे आवाज विकत शोधण्यापेक्षा इथेच मुद्रित करणे शहाणपणाचे. त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी घरात असतात. पहिली अडचण आपल्या हवेची. बकऱ्याचे कातडे हवेतला दमटपणा शोषते, जड आणि सैल होते, सूर उतरतो. श्रावणात वाद्य शेकोटीजवळ धरतात ते यासाठीच. वैशाखात उलट. पारा ४४ अंशांवर गेला की कातडे तडतडते, सूर चढतो आणि एका दुपारीतही बदलत राहतो. शिवाय वैशाखात कूलर! तो चालू ठेवला तर प्रत्येक ठोक्यामागे त्याची घरघर, बंद केला तर वाजवणाऱ्याच्या घामाने काठी निसटते. कार्तिक-मार्गशीर्षातली कोरडी, थंड सकाळ सर्वांत चांगली. तेव्हा एका बैठकीत सगळे ठोके उरकावेत. दोन दिवसांत विभागले तर पहिल्या दिवशीचा संबळ दुसऱ्या दिवशीच्या संबळाशी बोलत नाही.

दुसरी अडचण खोलीची. पत्र्याचे छप्पर आणि उघड्या भिंती यांच्यात ठोका फडफडत परत येतो. गोधड्या, गाद्या भिंतीला टांगल्या की ही फडफड बरीच कमी होते. कापसाची जागा तर आपल्याकडे कमी नाही. पण गोधडी सगळे काही गिळते असे समजू नये. जाड थराला साधारण त्याच्या चौपट लांबीच्या लहरी नीट अडवता येतात. पाच सेंटिमीटरची गोधडी २० सेंटिमीटर लांबीच्या, म्हणजे सुमारे सतराशे हर्ट्झच्या वरच्या आवाजाला पुरते. ढोलाच्या १०० हर्ट्झच्या घुमणीची लहर तब्बल साडेतीन मीटर लांब असते, ती गोधडीतून हसत निघून जाते. तिच्यासाठी मोठी खोली आणि भिंतीपासून दूर बसणे, एवढाच उपाय. मोठ्या ढोलाला तर सरळ उघड्या शेतात न्यावे. वारा पडलेला असावा आणि विहिरीवरची मोटार बंद असावी.

मोबाइलवर मुद्रण करणार असाल तर एक सावधगिरी. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. तो मोठा आवाज आपोआप दाबतो, लहान उचलतो आणि सतत येणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून पुसतो. जोरातला फरक टिकवणे हेच तर आपले काम, आणि फोन तोच सपाट करून ठेवतो. साधा पण वेगळा माइक आणि हाताने पातळी ठरवता येणारी पेटी हवी. एक माइक वीतभर अंतरावर ‘टक्’साठी आणि दुसरा दीड मीटरवर घुमणीसाठी ठेवतात. दुसऱ्या माइकला आवाज सुमारे चार मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही मुद्रणे तशीच मिसळली तर काही सूर एकमेकांना खोडतात आणि ढोल पोकळ वाटतो. संगणकावर दुसरे मुद्रण तेवढे मागे ओढून पाहावे, कानाला जे भरीव वाटेल ते ठेवावे.

ठोके किती घ्यायचे? आयआयटी मुंबईत प्रा. प्रीती राव यांच्या गटाने संगणकाला तबल्याचे बोल ओळखायला शिकवताना ढोबळ चार वर्ग धरले : फक्त डग्गा घुमतो, फक्त तबला घुमतो, दोन्ही घुमतात आणि कोणीच घुमत नाही. संबळही जोडवाद्य, एक मोठा आणि एक लहान, त्यामुळे ही वाटणी त्यालाही चालते. त्यात मोठ्या संबळाच्या कातड्यावर वाकड्या काडीने काढायचा घुमारा वेगळा धरला की पाच प्रकार झाले. प्रत्येकाचे जोराप्रमाणे चार थर आणि प्रत्येक थरात चार नमुने, म्हणजे ८० ठोके. प्रत्येकी दोन सेकंद, सीडीच्या दर्जाने. एकूण १४ एमबी. लिन यांना जे परवडले नाही ते आज मोबाइलच्या कोपऱ्यात मावते.

वाजवणाऱ्याचे पैसे मात्र मोबाइलच्या कोपऱ्यात मावणारे नसावेत. १९६९ मधल्या एका अमेरिकन गाण्यात ग्रेगरी कोलमन या ड्रमरने सहाएक सेकंदांचा एक तुकडा वाजवला होता. पुढे तो हजारो गाण्यांत कापून-जोडून वापरला गेला, त्यावर संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमन यांना त्यातून काही मिळाले नाही आणि २००६ मध्ये ते बेघर अवस्थेत वारले. आपल्या कॉपीराइट कायद्यात वादकाला सादरीकरणाचा हक्क आहे. गोंधळ्याला एका दुपारीचे मानधन देऊन त्याचा संबळ कायमचा घेणार असाल, तर ते ‘कायमचे’ कागदावर त्याला समजेल अशा शब्दांत लिहा आणि त्याचा भाव वेगळा ठरवा. गाण्याखाली त्याचे नाव घालायला तर काहीच पडत नाही.

कानाचे पाऊल उशिरा पडते

हे काम करणाऱ्यांनी आपल्या कानाकडेही पाहायला हवे. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक लहानसा स्नायू आकसतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. पण त्याला जागे व्हायला २५ मिलिसेकंदांहून जास्त, कधी १०० मिलिसेकंदही लागतात. ढोलाचा ‘टक्’ तोवर आत पोचून गेलेला असतो. म्हणूनच सारख्या पातळीच्या घरघरीपेक्षा तीक्ष्ण ठोके कानाला महाग पडतात. आतल्या शंखात, म्हणजे कॉक्लियात, प्रत्येक कानाला सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तास, हा सर्वसाधारण मर्यादेचा आकडा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला जेमतेम १५ मिनिटे. वरातीतल्या स्पीकरपुढे हे १५ मिनिटे पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपतात. त्यात तयार बीटमध्ये ठोक्यांमधल्या शांत जागा दाबून भरलेल्या असतात. खऱ्या वाद्यात दोन ठोक्यांच्या मध्ये कानाला जी क्षणभर उसंत मिळते, ती तिथे मिळत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, हा २००० सालच्या नियमांतला हिशेब आहे. तो वरातीत कोणी मोजत बसत नाही, ही गोष्ट वेगळी.

हेडफोन लावून तासन्‌तास ठोके कापणाऱ्यांना धोका वेगळ्या वाटेने येतो. कान थकला की वरचे सूर कमी ऐकू येतात, मग हात आपोआप आवाज वाढवतो आणि ‘टक्’ अधिक तीक्ष्ण करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच ऐकले की दातावर दात येतात. तासाभराने हेडफोन काढून बाहेर चक्कर मारावी. काम संपल्यावर कानात शीळ वाजत असेल किंवा घरचे बोलणे कापूस घातल्यासारखे येत असेल, तर तो दिवस जास्त झाला. असे वारंवार होत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणशक्ती तपासून घ्यावी. तपासणी अर्ध्या तासाची असते आणि दुखत नाही.

संच तयार झाला की शेवटची परीक्षा यंत्राची नाही. पॅडवर वाजवलेला एक मिनिटाचा तुकडा आणि खऱ्या संबळाचा एक मिनिटाचा तुकडा घ्या, दोन्ही सारख्याच आवाजात लावा आणि ज्याच्याकडून ठोके घेतले त्यालाच, कोणता कुठला ते न सांगता, ऐकवा. तो कोणत्या ठोक्याला हसतो ते टिपून ठेवा. तेवढे ठोके पुढच्या थंडीत पुन्हा मुद्रित करायचे.